भिंतीचं मशीन वेगळं, प्लायचं वेगळं

नऱ्हे-धायरीच्या पट्ट्यात पत्र्याच्या शेडमध्ये किचनच्या बॉडीची, म्हणजे कपाटाच्या खोक्याची, फळी कापली जाते, कडेला एजबँडची पट्टी लागते आणि माल टेम्पोतून वाकड, ताथवडे, बाणेरकडे निघतो. मागोमाग दुचाकीवर फिटर, पाठीला हत्यारांची पिशवी. या प्रकरणात असंच तिघांचं पथक घेतलं आहे: एक मुख्य फिटर, एक जोडीदार, एक शिकाऊ पोरगा. हे कुणा एका व्यक्तीचं वर्णन नाही. पुण्यात मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब बसवणाऱ्या लहान पथकांसमोर जो प्रश्न नेहमी उभा राहतो, तो आकड्यांसकट मांडला आहे.

पथकाकडे सुरुवातीला एकच मशीन आहे: १३ मिमी चकचं (चक म्हणजे बिट धरणारा जबडा), वायरचं इम्पॅक्ट ड्रिल. भिंतीपासून बिजागरीपर्यंत सगळं त्यावरच चालतं. त्याला क्लच, म्हणजे ठरलेल्या जोराला स्क्रू फिरवणं थांबवणारी कळ, नाही. त्यामुळे ३.५×१६ चा (३.५ मिमी जाड, १६ मिमी लांब) स्क्रू ऑटो हिंजच्या, म्हणजे आपोआप मिटणाऱ्या बिजागरीच्या, भोकात बसला तरी मशीन थांबत नाही, आणि प्लायमधला घाट, म्हणजे स्क्रूने कोरलेले आटे, मरतो. वायर ओट्याखालून, दारातून, शिडीच्या पायातून फिरते. नव्या फ्लॅटमध्ये अनेकदा एकाच बोर्डाला वीज असते आणि ती हॉलमध्ये. म्हणून बॅटरीचं मशीन घ्यायचं ठरतं.

पहिली खरेदी चुकते. दुकानात सांगितलं जातं, “दादा, हे घ्या, ४८ व्होल्ट आहे, भिंत लोण्यासारखी कापेल.” डबा मोठा, दोन बॅटऱ्या, सोबत पंचवीस बिट आणि किंमत कमी. ताथवड्याच्या एका नव्या टॉवरमध्ये वरच्या कपाटांसाठी भिंतीला भोकं पाडायला घेतल्यावर खरं काय ते कळतं. सहाव्या भोकापर्यंत बॅटरी हाताला चटका देते, बिटचं टोक निळं पडतं आणि भोक जेमतेम २५ मिमी खोल जातं. गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी, अर्धी बाहेर राहते. आता हाताशी २० हजार रुपये आहेत आणि प्रश्न असा की त्यात नेमकं काय घ्यायचं.

भोक का पडलं नाही

यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक भिंतीची, एक मशीनची.

वाकड, ताथवडे, हिंजवडी भागातले बरेच नवे टॉवर मिवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेले असतात. तिथे विटांची भिंत नसतेच. कॉलमइतकीच किचनची भिंतही लोखंड घातलेल्या काँक्रीटची असते. कोथरूडच्या तीस-चाळीस वर्षांच्या सोसायटीत वीट लागते, तिथे इम्पॅक्ट ड्रिल व्यवस्थित चालतं. सदाशिव पेठेतल्या वाड्यात चुन्याचे किंवा मातीचे सांधे आणि जुनी वीट. तिथे उलट भोक हवं त्यापेक्षा मोठं होण्याची भीती. आणि काही इमारतींत हलके ब्लॉक असतात, ज्यांना पुण्यात सर्रास सिपोरेक्स म्हणतात. त्यात इम्पॅक्ट चालवूच नये. नुसतं फिरवून भोक पाडावं, नाहीतर आतून भुगा होऊन गिट्टी सैल बसते. एकाच पथकाला एका महिन्यात या चारही भिंती लागू शकतात.

इम्पॅक्ट ड्रिलमध्ये ठोका कसा तयार होतो, हे समजलं की पुढचं सोपं जातं. आत दोन दातेरी चकत्या असतात. त्या एकमेकींवरून घसरताना मशीनचं तोंड थोडंसं पुढे-मागे होतं. मिनिटाला पंचवीस-तीस हजार ठोके बसतात, पण प्रत्येक ठोका अगदी हलका असतो आणि त्यामागचा जोर माणसाच्या खांद्यातून येतो. विटेला ते पुरतं. काँक्रीटमधल्या खडीला पुरत नाही. बिट खडीवर नुसता घासत राहतो, तापतो आणि टोकावरचा कार्बाइडचा तुकडा ज्या डागाने बसवलेला असतो तो डाग सैल होतो. कधी तो तुकडा भोकातच राहतो. तापलेला बिट पाण्यात बुडवणं तर आणखी वाईट, कारण एकदम थंड झाल्यावर कार्बाइडला चीर जाते.

एसडीएस-प्लसच्या (खाचेचा बिट नुसता ढकलून बसवायच्या पद्धतीच्या) हॅमर मशीनची रचनाच निराळी. आत पिस्टन असतो, तो हवेच्या गादीवरून ठोकळा फेकतो आणि ठोकळा बिटच्या मागे आदळतो. दोन किलोच्या वर्गातल्या मशीनला एका ठोक्यामागे सुमारे २ ज्यूल मिळतात, मिनिटाला चार-पाच हजार ठोके. ८ मिमीचं ६० मिमी खोल भोक काँक्रीटमध्ये साधारण पंधरा-वीस सेकंदांत होतं. तेच भोक इम्पॅक्ट ड्रिलने पाडायला एक-दोन मिनिटं जातात आणि तेही खडी आडवी आली नाही तर. हॅमरवर अंग टाकून दाबायचं नसतं. जास्त दाबलं की ठोक्याला जागा उरत नाही आणि वेग उलट कमी होतो. नव्या पोराला हे पहिल्या दिवशीच सांगावं लागतं, कारण इम्पॅक्ट ड्रिलवर त्याला दाबायची सवय लागलेली असते.

आता ते ‘४८ व्होल्ट’. लिथियम-आयनच्या एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात आणि नुकतं चार्ज करून काढलं तर २१. म्हणजे १८ व्होल्ट, ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘२१ व्होल्ट’ या एकाच बॅटरीच्या तीन पाट्या आहेत. तसंच ३ सेलचं १०.८ आणि १२ व्होल्ट मॅक्स. बॉशने आपली १०.८ व्होल्टची मशीनं पुढे १२ व्होल्ट या नावाने विकायला सुरुवात केली. आतली बॅटरी तीच राहिली. स्वस्तातल्या मशीनवरच्या ३६, ४८, ८८ या आकड्यांना मात्र काहीच आधार नसतो. त्यांच्या आतही बहुधा पाचच सेल निघतात. बॅटरीवर वॉट-तास छापलेले आहेत का ते पाहावं. १८ व्होल्ट गुणिले २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॉट-तास, हा हिशोब जुळला पाहिजे. तो आकडाच छापलेला नसेल तर ती बॅटरी घेऊ नये, इतकं स्पष्ट सांगता येतं.

आधी काम मोजायचं

बहुतेक जण दुकानात जाऊन मशीन बघतात आणि मग ते कशाला लागेल याचा विचार करतात. इथे उलटं केलं आहे. एक मध्यम किचन धरू: खालची-वरची मिळून १२ बॉडी, १४ दारं, ६ ड्रॉवर, २० हँडल. बॉडी साइटवरच जोडायच्या आहेत.

बॉडी जोडायला ४×५० चे स्क्रू, प्रत्येकी १२, म्हणजे १४४, आणि तितकीच ३ मिमीची पायलट भोकं, म्हणजे स्क्रूआधी पाडायची बारीक भोकं. दाराला दोन हिंज, हिंजला चार स्क्रू: ११२. ड्रॉवरला टेलिस्कोपिक चॅनेलचे १२: एकूण ७२. शेजारच्या बॉडी एकमेकींना आवळायला ४×३० चे ४४. हँडलची ५ मिमीची ४० भोकं. हिंजचे ३५ मिमीचे कप २८. भिंतीत ८ मिमीची २४ भोकं.

म्हणजे ३७२ स्क्रू, फळीतली २१२ भोकं आणि भिंतीतली फक्त २४. भिंत संख्येने चिमूटभर आहे, पण मशीन निवडताना सगळं लक्ष तिच्याकडेच जातं.

आता ऊर्जा. पुढचे आकडे अंदाजाचे आहेत. प्लायची जात, स्क्रूचा घाट, बिटची धार यांनी ते हलतात. ४×५० चा स्क्रू पायलट भोकात साधारण २५ फेरे घेतो. सरासरी दीड न्यूटन-मीटर जोर आणि मोटर-गिअरची साठ टक्के कार्यक्षमता धरली तर एका स्क्रूला जवळपास ०.१ वॉट-तास जातात. १४४ स्क्रूंना साडेचौदा. लहान स्क्रू जवळजवळ फुकटच, सगळे मिळून तीनच्या आत. पायलट भोकांना तीन, बॉडी आवळायला अडीच-पावणेतीन, हँडलला सव्वा. इथपर्यंत २४. हिंजचे कप मात्र खादाड: ३५ मिमी रुंद, १३ मिमी खोल लाकूड खरवडून काढायचं, एका कपाला ०.४५ च्या आसपास, २८ कपांना साडेबारा. एकूण सुमारे ३७ वॉट-तास.

१२ व्होल्टची २ अँपिअर-तासांची बॅटरी २१.६ वॉट-तासांची असते. प्रत्यक्षात त्यातले १८ हाताशी येतात असं धरावं, कारण शेवटच्या टप्प्यात मशीन स्वतःच बंद होतं आणि थोडं तापण्यात जातं. दोन बॅटऱ्यांत ३६. म्हणजे अख्खं किचन दोन लहान बॅटऱ्यांत काठोकाठ बसतं, आणि हिंजचे कप शेडमध्येच वायरच्या मशीनवर स्टँड लावून काढले तर आरामात बसतं. कप स्टँडवर काढणं तसंही चांगलं. हाताने काढताना मशीन किंचित कललं तरी १८ मिमीच्या दारावर पुढच्या बाजूने लॅमिनेटला फोड येतो आणि अख्खं दार वाया जातं.

या मोजणीने प्रश्न बदलतो. ‘भिंतही करेल असं बॅटरीचं मशीन कोणतं’ असा तो आता राहत नाही. ३७२ स्क्रूंसाठी कोणतं आणि २४ भोकांसाठी कोणतं, असा तो होतो.

टॉर्क: कागदावरचा आणि मनगटातला

डब्यावर ठळक छापलेला न्यूटन-मीटरचा आकडा ‘हार्ड’ जोडाचा असतो, म्हणजे लोखंडावर बोल्ट आवळताना शेवटच्या क्षणी बसणारा झटका. लाकडात स्क्रू जाताना लागतो तो सलग जोर, आणि त्यासाठी ‘सॉफ्ट’ आकडा पाहायचा. तो साधारण हार्डच्या निम्म्याच्या आसपास असतो. चांगल्या १२ व्होल्टच्या मशीनचा हार्ड टॉर्क ३०च्या आसपास, १८ व्होल्टच्या मध्यम मशीनचा ५० ते ६०. पायलट भोक असलेल्या ४×५० च्या स्क्रूला शेवटी लागतात दोन-तीन न्यूटन-मीटर. दोन्ही मशीनं त्याला भरपूर पुरतात.

जास्त टॉर्कची किंमत हाताला मोजावी लागते. ५५ न्यूटन-मीटरचं मशीन अडकलं तर तोच जोर उलटा मुठीवर येतो. मूठ मशीनच्या मध्यापासून १५ सेंटिमीटरवर धरली तर मनगटावर सुमारे ३७ किलोचा झटका. ३० न्यूटन-मीटरला २० किलो. शिडीवर उभं राहून, एका हाताने कपाट धरून दुसऱ्या हातात मशीन असताना हा फरक फार मोठा आहे. १८ व्होल्टच्या मशीनसोबत बाजूचा दांडा येतो तो पिशवीच्या तळाशी पडून राहतो. होल सॉ (मोठं गोल भोक कापणारी वाटीसारखी करवत) लावताना तरी तो काढून बसवलाच पाहिजे.

आणखी एक जागा, जिथे निर्णय खऱ्या अर्थाने ठरतो. ३०० मिमी रुंदीची बॉडी, १८ मिमी फळीची. आतून जागा उरते २६४ मिमी. शेजारच्या बॉडीला आवळण्यासाठी मशीन आत आडवं धरायचं. १८ व्होल्टचं मशीन चकच्या तोंडापर्यंत सुमारे २०० मिमी लांब, त्यापुढे ५० मिमीचा बिट, त्यापुढे ३० मिमीचा स्क्रू: २८०. मावत नाही. मग फिटर ते तिरकं धरतो, बिट खाचेतून निसटतो, स्क्रूचं डोकं मरतं. १२ व्होल्टचं मशीन १७० मिमीच्या आसपास: १७० अधिक ५० अधिक ३०, म्हणजे २५०. सरळ मावतं. विकत घेण्याआधी दुकानात टेपने मशीनची लांबी मोजा. ही मोजणी फुकट आहे आणि कुणी करत नाही.

वजनाचं थोडक्यात: १२ व्होल्टचं बॅटरीसकट सुमारे १ किलो, १८ व्होल्टचं दीड, मोठी बॅटरी लावली की आणखी वर.

निवड

पथकासमोर तीन वाटा होत्या. १८ व्होल्टचं एकच चांगलं इम्पॅक्ट ड्रिल घेऊन सगळं त्यावर टाकणं. पण मिवानची भिंत तिथेही अडवणार, आणि अरुंद बॉडीत ते मावणार नाही. दुसरी, १८ व्होल्टचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे फिरण्याच्या दिशेने ठोके देत स्क्रू आवळणारं मशीन. त्याचा वेग मोठा, मनगटाला झटका कमी, पण त्याला ड्रिलसारखा क्लच नसतो, लहान स्क्रूचा घाट मारतो, काळे जिप्सम स्क्रू तोडतो आणि आवाज एवढा की दुपारी दोन ते चार कामबंदीच्या सोसायटीत उरलेल्या वेळेतही वॉचमन वर येतो. तिसरी वाट म्हणजे काम तोडून दोन मशीनं.

तिसरी घेतली. १२ व्होल्टचं साधं ड्रिल-ड्रायव्हर, बिनइम्पॅक्टचं, दोन बॅटऱ्यांसह. सोबत वायरचं दोन किलो वर्गातलं एसडीएस-प्लस हॅमर. दोन्ही मिळून २० हजारांच्या आत बसतात आणि बिटसाठी पैसे उरतात. १२ व्होल्टमध्ये इम्पॅक्टचा प्रकारही मिळतो. तो मुद्दाम टाळला, कारण त्याने मशीन लांब होतं आणि भिंतीचा मोह परत येतो. जुनं १३ मिमीचं वायरचं मशीन टाकून द्यायचं नाही. ते जमिनीवर बसून पायलट भोकं पाडायला ठेवायचं: एक जण पायलट, दुसरा स्क्रू. बिट बदलण्यात जाणारा वेळ पूर्ण वाचतो.

हॅमर बॅटरीवरचं का नको? चोवीस भोकांसाठी वायर ओढणं सोसतं, आणि तेवढ्याच पैशात वायरचं मशीन जास्त टिकाऊ मिळतं. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, त्या दिवशी भिंतीचं काम ठेवायचं नाही आणि बॅटऱ्या बुधवारी रात्रीच भरून ठेवायच्या.

ब्रशलेसचा प्रश्न दुकानात हमखास निघतो. ब्रशलेस, म्हणजे झिजणारे कार्बन नसलेली, मोटर त्याच बॅटरीवर जास्त काम देते, कमी तापते आणि लांबीने आखूड असते. परवडत असेल तर घ्यावी. पण तिच्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि ते गेलं तर खर्च मोठा. कार्बनच्या मोटरवर दिवसाला दोनशे स्क्रू हे काम जड नाही. फक्त एक विचारून घ्या: कार्बन वेगळे बदलता येतात का? काही लहान मशीनांत ते मोटरच्या आत बंद असतात, झिजले की अख्खी मोटर बदलावी लागते.

कंपनी निवडताना पथकाने मशीनआधी बॅटरीचा विचार केला. पुढे जिगसॉ, ब्लोअर, दिवा असं काही घेतलं तर त्याच बॅटरीवर चाललं पाहिजे. एकाच कंपनीतही ही अडचण असते: बॉशच्या निळ्या, व्यावसायिक १८ व्होल्टच्या बॅटऱ्या हिरव्या घरगुती मशीनला बसत नाहीत. दुसरं, सर्व्हिस सेंटर शहरात आहे का आणि चक, स्विच, चार्जर सुटे मिळतात का. शेडपासून दुचाकीवर अर्ध्या-पाऊण तासात पोचता येईल असं केंद्र हवं. मशीन कुरियरने पाठवून पंधरा दिवस वाट पाहणं रोजच्या कामाच्या माणसाला परवडत नाही.

बोहरी आळीत काय तपासायचं

खरेदी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत. ऑनलाइनवर कधी थोडं स्वस्त पडतं, पण इथे मशीन हातात घेऊन फिरवता येतं.

चकमध्ये ३ मिमीचा नवा बिट लावून अगदी हळू फिरवा. टोक गोल काढत असेल, थरथरत असेल तर चक वाकडा आहे. दुसरा पीस मागा. ट्रिगर अगदी हळू दाबला की मशीन अगदी हळू फिरलं पाहिजे, एकदम उसळी नको, कारण स्क्रूची पहिली दोन वळणं त्या हळूपणावरच सरळ जातात. क्लच १ वर ठेवून चक हाताने धरा आणि ट्रिगर दाबा: कटकट वाजून थांबला पाहिजे. हा प्रयोग १ वरच करायचा, त्याच्या वर नाही. गिअर १ आणि २ मध्ये मशीन थांबलेलं असतानाच बदलून पाहा. चालू असताना बटण सरकवलं तर आतल्या चाकांचे दाते तुटतात, आणि या मशीनांच्या गिअरबॉक्सचं सर्वांत जास्त नुकसान याच सवयीने होतं.

बॅटरी आणि चार्जरवरचे अनुक्रमांक, बिलावर मशीनचा अनुक्रमांक आणि जीएसटी क्रमांक, वॉरंटीची नोंदणी दुकानातून निघण्याआधी. बनावट बॅटऱ्या बाजारात आहेत. छपाई पुसट, वजन कमी, वॉट-तास नाहीत ही त्यांची खूण.

वापरात

क्लचवरचे आकडे न्यूटन-मीटर नसतात, नुसते क्रमांक असतात, आणि प्रत्येक मशीनचे वेगळे. म्हणून प्रत्येक कामाआधी त्याच प्लायच्या तुकड्यावर चाचणी. हिंजच्या १६ मिमीच्या स्क्रूला ३ वरून सुरू करून एकेक वाढवायचं, स्क्रूचं डोकं फळीला टेकलं आणि त्याच क्षणी क्लच वाजला की तो क्रमांक मार्करने मशीनवर लिहायचा. ४×५० साठीही तसंच. पार्टिकल बोर्डावर आणखी एक-दोन क्रमांक खाली, कारण त्यात घाट फार लवकर मरतो. स्क्रू गिअर १ वर, भोक गिअर २ वर. भोक पाडताना रिंग ड्रिलच्या चिन्हावर नेली नाही तर क्लच मध्येच वाजतो आणि नवा मुलगा म्हणतो मशीन बिघडलं.

बिटकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. फर्निचरच्या पिवळ्या किंवा पांढऱ्या स्क्रूंवर मुख्य खाचेच्या मध्ये चार बारीक रेघा असतील तर तो पोझी आहे, त्याला पीझेड२ लागतो. काळ्या जिप्सम स्क्रूला पीएच२, म्हणजे साधा फिलिप्स. दोन्ही एकमेकांत वरवर बसतात, म्हणूनच घोटाळा होतो: पीएच२ पोझीमध्ये घातला की शेवटच्या वळणाला उसळून बाहेर येतो आणि दोघांचंही तोंड खातो. डोकं मेलं की दोष मशीनला जातो. पीझेड२ चे दहा बिट एकदम घ्यावेत आणि कडा चमकदार गोल दिसायला लागली की फेकावेत. काळे स्क्रू कडक पण ठिसूळ असतात. वजन पेलणाऱ्या जोडात, विशेषतः वरच्या कपाटाच्या टांगणीला ते लावू नयेत.

भिंतीच्या कामात ८ मिमीच्या बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करायची, गिट्टीच्या लांबीपेक्षा १० मिमी जास्त. भोकातली पूड फुंकून नव्हे तर ब्लोअरने किंवा रबरी फुग्याने काढायची. पूड राहिली की गिट्टी पूर्ण जात नाही आणि फिरते. हॅमरचा बिट अचानक थांबून टणटण आवाज आला तर सळई लागली आहे. मिवानची भिंत इमारतीचा भार घेते, सळई कापायची नाही; भोक तीन-चार सेंटिमीटर सरकवायचं. टांगणीच्या ब्रॅकेटला सरकवायला जागा असते ती याचसाठी. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक नको. मिवानमध्ये विजेचे पाइप काँक्रीट ओतण्याआधीच आत टाकलेले असतात, फुटला तर नवा पाइप घालायला भिंत खोदता येत नाही.

बॅटऱ्यांवर पहिल्याच दिवशी ‘१’ आणि ‘२’ लिहून आलटून-पालटून वापरायच्या. एकच सारखी वापरली की सहा महिन्यांत ती थकते आणि दुसरी कोरी राहते, मग जोडीचा उपयोग होत नाही. मशीन मंद झालं की बॅटरी काढायची. बंद पडेपर्यंत पिळायची नाही. काढल्या काढल्या चार्जरवर नाही, पंधरा-वीस मिनिटं सावलीत. लिथियम-आयन ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि एप्रिल-मेमध्ये दुचाकीच्या डिकीत दुपारभर ठेवलेली बॅटरी त्याच्या वर सहज जाते. दिवाळीनंतर काम थंडावून महिनाभर मशीन पडून राहणार असेल तर बॅटरी अर्धी भरून, मशीनमधून वेगळी करून ठेवावी. रिकामी ठेवलेली बॅटरी इतकी खाली जाते की चार्जर तिला ओळखतच नाही. अशा बॅटरीत स्थानिक दुकानात सेल बदलून देतात. जुळवून न घेतलेले पाच सेल एकत्र आले की कमजोर सेल आधी मरतो आणि तापतो. तो खर्च नव्या बॅटरीत घालावा.

चक सैल झाला तर बदलणं अवघड नाही. जबडे पूर्ण उघडले की तळाशी एक स्क्रू दिसतो, तो उलट्या आट्याचा असतो. सोडवायला उजवीकडे फिरवायचा. हे माहीत नसल्याने अनेक जण तो जोरात डावीकडे आवळतात आणि मोडतात.

१८ व्होल्टचं मशीन कधी घ्यायचं, याचं उत्तर पथकाच्या कामातच आहे. लोखंडी चौकटीची कामं आली, १० मिमीच्या वरची भोकं स्टीलमध्ये पाडायची वेळ रोज आली, किंवा लाकडात ६×१०० चे लांब स्क्रू लागायला लागले, तर तेव्हा. त्या वेळी २ नव्हे, ४ किंवा ५ अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. मोठ्या बॅटरीत बहुधा पाचऐवजी दहा सेल दोन रांगांत असतात, एका सेलवर निम्माच प्रवाह येतो, त्यामुळे जड कामात दाब कमी पडत नाही. मशीन तेच असूनही जोर वाढल्यासारखा वाटतो तो यामुळे. त्याच बॅटरीवर मग एसडीएसचं हॅमरही घेता येईल, आणि गुरुवारची भिंत गुरुवारीच होईल.